तिरपे पाते आणि नकाराचा इतिहास

गेल्या वर्षी पावसाळा ओसरत असताना आम्ही दोघांनी एकेक सेफ्टी रेझर विकत घेतला. मराठीच्या दोन अध्यापकांनी दाढीचे सामान खरेदी करणे ही लेखाचा विषय व्हावी अशी घटना नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु हा रेझर वाकडा होता. म्हणजे बनवतानाच वाकडा बनवलेला होता. नेहमीच्या रेझरात पाते दांडीशी काटकोनात, सरळ बसते. यात ते तिरपे बसते. दांडी फिरवून घट्ट केली की वरची टोपी आणि खालची पट्टी यांच्यामध्ये सापडलेले पातळ पाते किंचित पिळले जाते. त्याचे एक टोक खाली झुकते, दुसरे वर उचलले जाते. प्रथमदर्शनी वाटते, माल सदोष निघाला. जर्मनीतील झोलिंगेन या पोलादकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी असे रेझर पूर्वीपासून बनतात, आणि त्यांची किंमत आमच्यासारख्यांनी चौकशी करून गप्प बसावे अशी असते. आता त्याच घाटाचे स्वस्त रेझर मिळू लागले आहेत. आमचे हजार रुपयांच्या आत आले.

आमच्यापैकी एक जण पालघरला राहतो, दुसरा बोईसरला. दोहोंच्या मध्ये उमरोळी हे एकच स्थानक. त्यामुळे प्रयोगाचा अहवाल रोज सकाळी गाडीतच एकमेकांना मिळे, आणि पहिल्या आठवड्यात तो तोंडावरच लिहिलेला असे. डाव्या जबड्याखाली दोघांनाही एकाच ठिकाणी कापले. कारण एकच होते : आम्ही दाबत होतो. दोन-तीन पात्यांच्या तयार डोक्याचे प्लास्टिकचे रेझर वर्षानुवर्षे वापरून हाताला दाबण्याची सवय लागली होती. तिरप्या रेझरला दाब चालत नाही. त्याच्या स्वतःच्या वजनाएवढाच भार त्वचेवर पडावा, दांडी त्वचेशी साधारण तीस अंशांचा कोन करील अशी धरावी, आणि हात लहान लहान ओढीने चालवावा, एवढे तीन नियम पाळले की तो निमूटपणे काम करतो. तिसऱ्या आठवड्यात आम्ही ते शिकलो. मग लक्षात आले की राठ, दोन दिवसांची वाढलेली दाढीही तो न ओढता, न खरडता उतरवतो. एका रेझरचे आटे थोडे खडबडीत होते आणि पाते दर वेळी हाताने जुळवून घ्यावे लागे. स्वस्ताईची ती किंमत आम्ही मान्य केली.

तिरपेपणाने नेमके काय साधते? याचे उत्तर आमच्या या किनाऱ्यावर कोणालाही शिकवावे लागत नाही. सातपाटीच्या बाजारात मासळी कापणारी बाई मोरलीवर पापलेट सरळ दाबत नाही, ते पात्याच्या वळणावरून ओढत नेते. भातकापणीला विळा पेंढीवर आपटत नाहीत, तो आपल्याकडे खेचतात. ताडाच्या कोवळ्या पोयीवरून रोज एक पातळ काप काढणारा माणूस कोयती तिरपीच फिरवतो. डोंगर सरळ रेषेत चढावा तर छाती भरून येते. तोच डोंगर आडव्या वाटेने चढला की चढ सौम्य वाटतो. पात्याची धार हीसुद्धा एक उभी पाचर आहे. केसाने तिला समोरून तोंड दिले तर चढ उभा लागतो. तिरपे तोंड दिले तर तोच चढ सौम्य होतो, म्हणजेच तेच पाते केसाला अधिक बारीक धारेचे भासते. शिवाय पिळलेला पातळ पत्रा सरळ पत्र्यापेक्षा ताठ असतो, त्यामुळे कापताना तो थरथरत नाही. फ्रान्समध्ये १७९२ साली गिलोटिनचे पाते तिरपे ठेवले गेले त्यामागेही हेच तत्त्व होते. हे आठवून पहाटे पहाटे गळ्यावर रेझर फिरवणे फारसे सुखाचे नाही. पण विद्या ती विद्या.

प्रयोग येथे संपला असता. परंतु एके सकाळी आमच्या मनात एक साधा प्रश्न आला, आणि त्यानेच आम्हांस या लेखाकडे ढकलले. गळ्यावर पाते ठेवण्याचा अधिकार आपण स्वतःकडे कधी घेतला? मराठी माणसाच्या इतिहासातील बहुतेक काळात ते पाते दुसऱ्याच्या हातात होते. तो दुसरा कोण होता, तो कोणासाठी पाते उचलत होता, आणि कोणासाठी उचलत नव्हता?

आधी शब्द पाहू. आपल्या विषयाचे लोक शब्दांपासूनच सुरुवात करतात. संस्कृतातील श्मश्रू आणि क्षौर हे शब्द पोथीत आणि पंचांगात राहिले. व्यवहारात आपण हजामत म्हणतो, वस्तरा म्हणतो. वस्तरा फारसीतून आला. हजामत अरबीतून आली, आणि तिच्या मूळ अर्थाचा दाढीशी संबंध नाही. ज्या अरबी शब्दापासून ती निघाली त्याचा अर्थ तुंबडी लावून दूषित रक्त काढणे. ते काम करणारा तो हज्जाम. हा विसरलेला अर्थ मराठीने कोशात नव्हे, म्हणीत सांभाळला. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आपण वर्गात हसत सांगतो. परंतु न्हावी हा गावचा शल्यचिकित्सकही होता याचा हा पुरावा आहे. गळू फोडणे, रक्त काढणे, नखे उतरवणे ही सारी कामे त्याच्याकडे असत. वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, धार लावण्याची सहाण, चामड्याचा पट्टा, पाण्याची वाटी आणि आरसा एवढे सारे त्याच्या धोकटीत मावे. सेना महाराजांनी याच सामानाचे रूपक केले. त्यांच्या अभंगात आरसा विवेकाचा होतो, चिमटा वैराग्याचा. संतमंडळीत कोणी माती, कोणी सोने, कोणी माळव्याचा मळा रूपकासाठी घेतला. सेना महाराजांनी धोकटी उघडली. आपल्या कामाची लाज न वाटता तेच काम परमार्थाच्या भाषेत मांडण्याचे धैर्य त्या अभंगात आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला. बलुतेदारीची घडण समजून घ्यायला आजही त्या ग्रंथाला पर्याय नाही. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. दर डोक्यामागे रोख पैसे असा त्याचा हिशेब नसे. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे, आणि त्या बदल्यात वर्षभर ठरलेल्या घरांची डोकी व दाढ्या सांभाळायच्या. लग्न, मुंज, जावळ, सुतक, साऱ्या प्रसंगी त्याची गरज पडे. या व्यवस्थेत केसांवर माणसाचा स्वतःचा ताबा फारसा नव्हताच. शेंडी किती ठेवायची, मिशी कोणी पीळ द्यायची, कोणत्या वारी क्षौर वर्ज्य, बाप वारल्यावर काय उतरवायचे, हे जात, धर्म आणि पंचांग ठरवीत. गोव्यात पोर्तुगीज सत्तेने हिंदूंवर चक्क शेंडीकर बसवला होता. म्हणजे केस ही खाजगी बाब आहे असे ना शास्त्याला वाटे ना शास्त्र्याला. वस्तरा हे या सार्वजनिक नियमांच्या अंमलबजावणीचे हत्यार होते. ते चालवणाऱ्या माणसाला स्वतःला मात्र उतरंडीत खालचेच स्थान होते. राजाच्या गळ्याला तो हात लावी, आणि त्याच घरात पंक्तीला बसू शकत नसे.

या हत्याराने मराठी मुलखात दोन नकार पाहिले. आमच्या मते वस्तऱ्याचा खरा इतिहास या दोन नकारांत आहे.

पहिला नकार साताऱ्याचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आठवणींचे एक छोटे इंग्रजी टिपण लिहून ठेवले आहे. मराठीत आपण त्याला ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ म्हणतो. त्यात बालपणीच्या साताऱ्याविषयी ते एक गोष्ट सांगतात. गावात न्हावी नव्हते असे नाही, घरी पैसे देण्याची ऐपत नव्हती असेही नाही. तरी भावंडांचे केस कापण्याचे काम थोरली बहीण करी, कारण अस्पृश्याच्या डोक्याला कोणताही न्हावी हात लावायला तयार नव्हता. हा प्रसंग त्या टिपणात फार ठळकपणे येत नाही. प्रवासात पाणी आणि गाडी न मिळाल्याच्या कहाणीनंतर, अस्पृश्य असणे म्हणजे काय हे सांगताना तो येऊन जातो. पण वर्गात तो वाचताना आमचे लक्ष दर वेळी त्या बहिणीकडे जाते. भावाच्या डोक्यावर कात्री चालवणारी ती मुलगी नाइलाजाने एक विद्या शिकली होती. ज्यांना गावचा वस्तरा नाकारला गेला त्या वस्त्यांत कोणी ना कोणी असा हात तयार झालाच असला पाहिजे.

हा नकार कोणाचा होता? दिसायला न्हाव्याचा. परंतु खळ्यावरच्या धान्यावर ज्याचे वर्ष चालते त्याला आपल्या मनाने होकार देण्याचीही मुभा नसते. अस्पृश्याच्या डोक्याला लावलेला वस्तरा मग पाटलाच्या दाढीला चालला नसता, आणि मग खळ्यावरचा वाटाही गेला असता. न्हावी गावाच्या वतीने नाही म्हणत होता. त्या नकाराची मालकी गावाची होती. याचा अर्थ त्याची जबाबदारी शून्य होती असे आम्ही म्हणत नाही. ज्याचा हात मागे सरला त्याच्या हातावरही काही डाग राहतोच. परंतु डाग सबंध खळ्यावर आहे हे विसरता कामा नये.

दुसरा नकार मुंबईचा, सन १८९०. तेव्हाच्या ब्राह्मण व त्यांचे अनुकरण करणाऱ्या घरांत नवरा मेला की बाईचे केशवपन होई, आणि एकदा करून भागत नसे. केस वाढले की पुन्हा वस्तरा येई, आयुष्यभर. बारा वर्षांच्या मुलीपासून सत्तर वर्षांच्या म्हातारीपर्यंत. आगरकरांनी ‘सुधारक’मधून या प्रथेवर कठोर हल्ला चढवला. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासूनच ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली; तिच्यातील यमूवर जबरदस्तीने झालेले केशवपन मराठी कादंबरीच्या आरंभकाळातील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग आहे. आपण हा काळ शिकवताना पत्रे, निबंध, कादंबऱ्या, सभा यांची नावे सांगतो. सुधारक लिहीत होते, सनातनी उत्तर देत होते, वाचक रडत होते. परंतु वस्तरा यांच्यापैकी कोणाच्याच हातात नव्हता. ज्याच्या हातात होता त्याला कोणी विचारले नव्हते.

त्याला विचारले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक, मुंबईच्या गिरणी कामगारांचे पहिले संघटक, जन्म ठाण्याचा. ज्या १८९० साली त्यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असा त्यांनी निर्धार केला. जोतीराव फुले तेव्हा हयात होते; त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते गेले. संप हा शब्द आपण गिरणीशी जोडतो. हा संप वेगळा होता. पगार वाढवून मागण्यासाठी तो नव्हता. उलट मिळणारी मजुरी सोडण्यासाठी होता. ज्या कामाने दुसऱ्याची अप्रतिष्ठा होते ते काम आम्ही करणार नाही, असे काम करणाऱ्यांनी म्हटले होते. लेखक प्रथेविरुद्ध वाद घालू शकतो; प्रथा बंद करण्याची ताकद मात्र ती पार पाडणाऱ्या हातात असते. हे ओळखणे हे लोखंड्यांचे मोठेपण.

साताऱ्यात जो हात गावाचा होता तो मुंबईत स्वतःचा कसा झाला, याचे उत्तर आम्हांस खळ्यातच सापडते. मुंबईच्या न्हाव्याला बलुते नव्हते. त्याचे उत्पन्न रोखीचे होते, गिऱ्हाईक हजारो होती, एका पाटलाच्या मर्जीवर त्याचे वर्ष अवलंबून नव्हते. गावाला नाही म्हणण्यासाठी गावाबाहेर पोट भरण्याची सोय लागते. त्या एका निर्धाराने केशवपन थांबले नाही. त्यानंतरही कित्येक दशके ते चालू राहिले. परंतु हातात वस्तरा असलेल्या माणसाला स्वतःचे मत असू शकते, हे त्या वर्षी लोकांना कळले.

नकार देता येतो तो माणसाला. यंत्र नकार देत नाही. आता आमच्या रेझरकडे परत येऊ.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये झाँ-जाक पेरे नावाचा सुरीकार होता. त्याने वस्तऱ्याला लाकडी आडपट्टी बसवून धार त्वचेत खोल जाणार नाही अशी युक्ती केली आणि १७६९ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुस्तकाच्या नावातच स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला, असे शब्द आहेत. सगळा इतिहास त्या ‘स्वतः’मध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात विल्यम हेन्सनने फावड्याप्रमाणे आडव्या डोक्याचा रेझर केला. १८८० साली अमेरिकेत कॅम्फे बंधूंच्या पेटंटाबरोबर ‘सेफ्टी रेझर’ हे नाव रूढ झाले. किंग कॅम्प जिलेटने त्यात निर्णायक भर घातली ती टाकाऊपणाची. धार लावायची नाही, बोथट झाले की पाते फेकून द्यायचे. पातळ पत्र्याला टिकाऊ धार लावण्याचे अवघड काम विल्यम निकर्सन या अभियंत्याने सोडवले. १९०३ साली विक्री झाली ५१ रेझर आणि १६८ पात्यांची. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैन्यासाठी सुमारे पस्तीस लाख रेझर घेतले. युद्धातून परतलेले सैनिक स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय घेऊन घरी आले.

आपल्याकडे हा रेझर आला तो साहेबाच्या, मग कारकुनाच्या आणि मास्तराच्या घरातून. ओटीवर भिंतीला टेकवलेला आरसा, वाटीत कोमट पाणी, ब्रश, साबण आणि वर्तमानपत्राचा तुकडा, हे दृश्य आमच्या वडिलांच्या पिढीने रोज पाहिले. स्वातंत्र्यानंतर पाती देशात बनू लागली. मल्होत्रांच्या टोपाझ, पनामा घरोघर पोहोचल्या, आणि आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्यात विद्युत मेटॅलिक्सचा कारखाना सुपर-मॅक्स पाती जगभर पाठवीत असे. त्या वाटीभर पाण्याचे महत्त्व परदेशी कंपनीला उशिरा कळले. जिलेटने २००२ साली भारतासाठी काढलेल्या रेझरची चाचणी अमेरिकेतील एका विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली. त्यांच्याकडे वाहता नळ होता. भारतात आल्यावर तोच रेझर वाटीतल्या पाण्यात बुचकळून साफ होईना. मग संशोधक इथल्या घरांत येऊन जमिनीवर बसून दाढी करणाऱ्यांना पाहत राहिले, आणि २०१० साली चारच भागांचा, पंधरा रुपयांचा रेझर बाजारात आला.

आमच्या या पट्ट्यात तर दाढी हा नोकरीचा भाग झाला. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, रसायनांचे, पोलादाचे, कापडाचे कारखाने आले. विषारी वायूपासून संरक्षण देणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा वापरायचा असेल तर दाढी चालत नाही. केसांच्या फटीतून हवा आत शिरते. पहिल्या महायुद्धातील सैनिकाला जे सांगितले जाई तेच पाळीवर जाणाऱ्या कामगाराला सांगितले जाते. पूर्वी पंचांग सांगे, आता सुरक्षा अधिकारी सांगतो. तरी फरक आहे, आणि तो मोठा आहे : हा नियम जात विचारत नाही, आणि त्यामागे कामगाराचा स्वतःचा श्वास आहे.

सेफ्टी रेझरमधील ‘सेफ्टी’ कशापासून, याचे उत्तर जगभर एकच दिले जाते : कापण्यापासून. मराठी मुलखात त्याला आणखी एक उत्तर आहे. ज्याच्या घरी रेझर आला त्याला वस्तरा नाकारण्याची सोय गावाकडे उरली नाही. दोन रुपयांचे पाते हातात घेताना कोणाची जात सांगावी लागत नाही. साताऱ्याच्या त्या बहिणीने जे काम नाइलाजाने केले, ते पुढे प्रत्येकाच्या हातातले साधे, बिनअपमानाचे काम झाले. आम्ही या वस्तूकडे गौरवाने पाहतो ते यासाठी.

पण १८९०चे स्मरण या गौरवात एक अडचण उभी करते, आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समजा, त्या वर्षी मुंबईच्या प्रत्येक घरात सेफ्टी रेझर असता. न्हाव्यांच्या निर्धाराला मग काय किंमत उरली असती? सासऱ्याने, दिराने, घरातल्याच एखाद्या म्हाताऱ्या विधवेने ते काम दाराआड उरकले असते. न्हावी दाराबाहेरचा होता म्हणूनच त्याला नाही म्हणता आले, आणि त्याचे नाही चारचौघांत ऐकू गेले. जे हत्यार प्रत्येकाच्या हातात येते ते अन्यायाचा नकार मोडून काढते, आणि न्यायाचा नकारही निरुपयोगी करून टाकते. वस्तू माणसाला मुक्त करते हे खरे. परंतु दुसऱ्यासाठी नाही म्हणणारा माणूस तिच्यात नसतो.

म्हणूनच कायद्याची गरज रेझरने संपवली नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानांत प्रवेश नाकारता येणार नाही असे आहे. त्यावर घटना समितीत १९४८च्या नोव्हेंबरात चर्चा झाली तेव्हा दुकान या शब्दाचा अर्थ बाबासाहेबांनी अत्यंत व्यापक सांगितला : सेवा देऊ करणारी जागा, आणि अटी मान्य असतील तर ती सेवा मिळण्याचा हक्क. ज्याचे केस बहिणीने कापले होते तो मुलगा आता देशासाठी दुकानाची व्याख्या करत होता. त्या व्याख्येत न्हाव्याचे दुकान येणारच. पुढे १९५५च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने सेवा नाकारणे दंडनीय ठरवले. त्यानंतरही गावोगावचे नकार एकदम थांबले नाहीत, हे दलित आत्मकथनांचा कोणताही वाचक जाणतो.

आणि ज्यांच्या हातून वस्तरा गेला त्यांचे काय झाले? मराठी साहित्यात त्यांचा आवाज उशिरा आणि तुरळक उमटला. राम नगरकरांनी ‘रामनगरी’त आपल्या समाजाची, वडिलांच्या दुकानाची, आणि त्या ओळखीपासून सुटू पाहणाऱ्या आपल्या स्वतःचीच गोष्ट हसत हसत सांगितली, १९८२ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. त्या विनोदाखालची जखम आपण पुरेशी वाचलेली नाही असे आम्हांस वाटते. माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल वकील झाले, बेचाळीसच्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता उभारला, मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात ते मारले गेले. आमच्या पालघरला १४ ऑगस्ट १९४२च्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पाचबत्तीच्या चौकात त्यांचे स्मरण आहे. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सिद्धगडावर, इंग्रज सत्तेला नाही म्हणणारा एक माणूस न्हाव्याच्या घरातला होता. नकाराची परंपरा त्या समाजात कोणत्या थराला गेली होती, ते यावरून दिसते.

आज बोईसर स्थानकाबाहेरच्या सलूनमध्ये दाढी करून घ्यायला बसले की एक गंमत दिसते. कारागीर नवे पाते कागदी वेष्टनासकटच मधोमध मोडतो, अर्धे वस्तऱ्याच्या खोबणीत सरकवतो आणि अर्धे पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतो. नव्वदच्या दशकात एड्सची जनजागृती झाली तेव्हापासून ही रीत सर्वत्र पसरली. जे पाते न्हाव्याला हद्दपार करण्यासाठी निघाले तेच न्हाव्याच्या हातात जाऊन बसले.

आमच्या नेहमीच्या दुकानातील वयस्क कारागिराला आम्ही एके दिवशी तो तिरपा रेझर दाखवला. पन्नासएक वर्षे त्यांचा हात चालतो आहे. त्यांनी तो उजेडाकडे धरला, पात्याचा पिळ पाहिला, अंगठ्याने दांडी फिरवून पाहिली. मग समोरच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालावर आपला वस्तरा ठेवून म्हणाले, “सर, बघा.” वस्तरा सरळ खाली येत नव्हता. मनगटाच्या एका हलक्या वळणाने तो पुढे जाता जाता बाजूला सरकत होता, मोरलीवरून मासळी ओढावी तसा. “आम्ही पहिल्यापासून तिरपाच चालवतो. सरळ चालवला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येईल का?” एवढे बोलून त्यांनी रेझर आमच्या हातात परत दिला.

ज्याला आम्ही नवलाईची युक्ती समजत होतो ती त्यांच्या मनगटात होती. ते वळण पोलादात गोठवून आम्हांला हजार रुपयांच्या आत विकले गेले. मनगट मात्र विकता येत नाही, कारण ते काय कापायचे हे जाणते, आणि १८९०च्या मुंबईने दाखवले त्याप्रमाणे, काय कापायचे नाही हेही ठरवू शकते.

रेझर आम्ही वापरतो आहोत. दाबत नाही. डाव्या जबड्याखाली आता कापत नाही.